दाढीचं पाणी

प्रिय पूर्णिमा,

तुला बघायला आलेल्या खंडव्याच्या पाहुण्यांसमोर तू म्हणालीस, "पेशंटला हात लावायचं काम मला नसतं, मी कॉम्प्युटरवर असते," तिथंच माझं सगळं संपलं. मी पडद्यामागं होतो, तुझ्या बाबांना, माझ्या सरांना, कुशीवर धरून त्यांची पाठ पुसत होतो. आमच्या सुनेनं लोकांची घाण काढलेली चालणार नाही, असं मुलाच्या आईनं आधीच सुनावलं होतं. वर तुझे योगेंद्रकाका, "अहो, हमारी बेटी तो एसीत बसते!" माझं डोकं तुला माहीत आहे. पडदा फाडून बाहेर आलो असतो. पण हात सोडला असता तर सर खाली पडले असते. म्हणून धरून राहिलो. सरांनीही ऐकलं, पूर्णिमा. लकवा त्यांच्या जिभेला झालाय, कानांना नाही.

नर्सिंगच्या सेकंड इयरचा वॉर्ड आठवतो? ते म्हातारे पेशंट, लोटूबाबा, ओल्या चादरीत पडलेले. सिस्टर म्हणे नातेवाइकांना बोलवा, आया म्हणे माझी ड्यूटी संपली. मी रिकामं बेडपॅन मॅडमच्या टेबलावर आदळलं आणि कॉलेजच सोडलं. लई नाव झालं माझं. बॅग घ्यायला परत आलो तर तू लोटूबाबांना पुसून, कोरडं करून, त्यांचे केस विंचरत होतीस. मी नुसता भांडलो होतो, काम तू केलं होतंस. त्या दिवसापासून मी तुझा आहे. कधी बोललो नाही, एवढंच. मग मी घरोघरी आजारी माणसं सांभाळू लागलो. बहादरपुरात माझे भाऊ केळीचे घड उतरवतात आणि म्हणतात, आमचा जीवन लोकांची ढुंगणं धुतो. मला लाज नाही वाटली, कारण तेच काम तुझंही होतं. सर लकव्यानं पडले, तू फोन केलास, मी धावत आलो. ते काय पगारासाठी?

मला कळतं, आता हॉस्पिटलातच नोंद आधी आणि माणूस मग. एवढ्या पेशंटांत तू तरी कुणाकुणाला हात लावशील? पण घरात? दर रविवारी तू सरांची दाढी करायचीस. "गाल फुगवा" म्हणायचीस, त्यांचा एकच गाल फुगायचा, आणि दोघं हसत सुटायचात. मी टॉवेल धरून उभा. ते पाहुणे येऊन गेल्यापासून तू गोळ्यांच्या वेळासुद्धा दारातूनच सांगतेस.

आज मी ब्रश घेतला तर सरांनी तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा नेला, तर चालत्या हातानं माझं मनगट बाजूला सारलं आणि तुझ्या खोलीकडे बोट दाखवलं. त्यांना माझा हात नकोय.

म्हणून हे लिहितोय. तुझं लग्न मोडायला नाही. उद्या साखरपुडा आहे, सुखानं कर. तू आंघोळीला गेली आहेस तोवर हे ओट्यावर ठेवतो. कोमट पाणी स्टुलावर आहे, नवं ब्लेड लावलंय. सरांना 'पूर्णिमा येतेय' असं सांगून, गळ्याशी टॉवेल खोचून तोंडाला फेस लावून जातो. तो वाळायच्या आत ये. उद्यापासून माझ्या जागी गजानन येईल, त्याच्याशी बोललोय. मला हाक मारू नकोस. मारलीस तर मी थांबेन.

निघालो. दार बाहेरून ओढून घेतोय.

तुझाच होतो, अजूनही,
जीवन