बाई छोट्या लाईननं यायची

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कुहीला बाईकडे जाऊन आलो. मोठी बहीण ती, दिवाळीला माहेरी तिनं यायचं. पण यंदाही मीच गेलो. बसमध्ये पाय ठेवला की तिला उलट्या. लग्नापासून सगळं येणंजाणं छोट्या लाईनच्या आगगाडीनं. मोठी लाईन टाकायला ती बंद केली तेव्हापासून बाईनं गाव पाहिलं नाही.
ओवाळताना तेच. "मोठी गाडी कधी सुरू होते रे बापू?" म्हटलं, काम चालू आहे. "बोडी भरली का यंदा?" भरली, तळं काठोकाठ आहे. "अन् पाळीवरची चिंच?" आहे, बांधावर तशीच उभी.
बसपर्यंत पोचवायला आली. बस दिसली तशी चार पावलं मागे सरली.

२६ ऑक्टोबर
सायकलनं आपल्या गावच्या टेसनावर गेलो. ओळखू येत नाही. अडीच फुटी रूळ कधीच उखडून नेले. आजा सांगायचा, इंग्रजानं लाईन टाकली तेव्हा त्याच्या बापानं टोपल्यांनी माती वाहिली होती. ती माती आता नव्या भरावाखाली. कौलारू तिकीटघर अर्धं पडलं, खिडकीची जाळी तेवढी शाबूत. हात लावून पाहिला. गार.
कामावरच्या एकाला विचारलं, "भैया, यहाँ रुकेगी?" म्हणे, "पवनी रोड टेसन पे रुकेगी चाचा. यहाँ का पता नहीं."
आपल्या टेसनावर कदाचित थांबणारच नाही, हे घरी कोणाला बोललो नाही.

२ नोव्हेंबर
धान कापणी. कंबर मोडली. दुपारी बांधावर बसलो तर बाईचं लग्न आठवलं. कोळशाचं इंजिन, अर्धा डबा वऱ्हाडानं भरलेला. ती मायच्या मिठीतून सुटेना. नवऱ्याकडचे घाई करू लागले. गार्ड खाली उतरला, झेंडी काखेत धरून म्हणे, "पोरीले पोटभर रडू द्या, मंग सोडतो गाडी." सगळे प्रवासी खिडक्यांतून पाहत बसले, कोणी कुरकुर केली नाही. मी डब्यात बाईच्या बाजूला. भिवापूरपर्यंत ती माझा हात धरून होती. मला लाज वाटत होती, तिच्या हाताला हळद.
आता अशी थांबणारी गाडी कुठली.

९ नोव्हेंबर
बाईचा फोन. आवाज बारीक. "नव्या तांदुळाचा भात घरी खावं वाटते रे. मायच्या चुलीवरचा." चूल आता नाही, गॅस आहे, हे तिला माहीत आहे.
बायको, निर्मला, म्हणाली, "काहून नाही आणत? मोटार करा. काचा उघड्या ठेवा, हळू आणा. सकाळी काही खाऊ देऊ नका." माहेर आसगावचं तिचं, माझ्यापेक्षा हिमतीची. रविवारचं ठरलं.

१६ नोव्हेंबर
नाही जमलं.
कुहीहून निघालो तेव्हा बाई खूश. नवं लुगडं, पुढच्या सीटवर, तोंडात लवंग. उमरेडपर्यंत बोलत होती. पुढे गप्प झाली. मग थांबा म्हणाली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उतरली तर उभंच राहवेना. झाडाखाली निजवली, निर्मलानं घरून दिलेला पंचा भिजवून कपाळावर ठेवला. मी म्हटलं, "निम्म्याच्या वर आलो बाई, थोडंच राह्यलं." तिनं डोळे न उघडता मान हलवली. "नाही होत रे. परत ने मले."
मला राग आला. कोणाचा ते कळेना. ड्रायव्हर बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा.
जरा बरं वाटल्यावर उठून बसली. शेताच्या पलीकडे नवा भराव दिसत होता. "ते काय आहे?" लाईन, म्हटलं. "मोठी?" हो. मला धरून धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून गेली, खडीवर चढली. रूळ चकचकीत. कोणीकडं घर, तिनं विचारलं. मी बोट दाखवलं. तिकडे तोंड करून चालू लागली. रुळांमधल्या स्लीपरवरून स्लीपरवर, लुगडं एका हातात धरून. पोरीसारखी. मी मागे मागे. थांबवलं नाही. वाटलं, अशीच गेली तर जाऊ द्यावं, संध्याकाळपर्यंत पोचू दोघं.
मग दम लागला, बसली रुळावर. "हेच जाते ना घरी?"
हेच जाते.
"मंग ठीक आहे," म्हणाली. कुहीला परत सोडली. परतीच्या वाटेवर पुन्हा दोनदा थांबलो.

१८ नोव्हेंबर
निर्मलानं नव्या तांदळाची पिशवी भरली. उद्या बसनं नेऊन देतो. निर्मला म्हणे, बाई तिथं रांधून खाईल. खाईल. पण ते वेगळं.

३० नोव्हेंबर
दुपारी पोरं ओरडत आली, इंजिन आलं, इंजिन आलं. अख्खं गाव टेसनावर. खडीचे डबे ओढत येत होतं. केवढं उंच. छोट्या गाडीचा डबा याच्या खांद्यालाही लागला नसता. पायाखालची जमीन हलली. बायकांनी कुंकू आणलं होतं, पण लावायला कोणी पुढे होईना.
बाईला फोन लावून धरला.
"आवाज निराळा आहे रे. आपली छोटी किरकिर करे."
हो.
"थांबली का आपल्या टेसनावर?"
थांबली होती. एक मजूर उतरायचा होता म्हणून. तो उतरला, जेवणाचा डबा घेऊन चालू लागला, इंजिन निघालं.
"थांबली," म्हटलं.
मग, "यायला कपड्यांची पिशवी भरून ठेवू का?"
निर्मला शेजारी उभी, माझ्या तोंडाकडे पाहून राहिली.
ठेव, म्हटलं.