बाळाच्या मापाचं टोपडं

४ ऑग.
सून दीप्ती तिच्या हिंदी बोलणाऱ्या माहेरी, इथेच गावात प्रेम नगरला. नातू सुखरूप. फोटोत पाहिला, हातात नाही. आमच्याकडे जन्माआधी काही विणायचं नाही आणि सोयर फिटेपर्यंत बाळाला शिवायचं नाही. मग बाई, माप घ्यायचं कधी? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "नारळावर घाल." काहीतरीच. पण बारशाला त्याच्या डोक्यावर माझ्या हातचं टोपडं हवं म्हणजे हवंच.

५ ऑग.
मंदारचं लहानपणचं टोपडं ट्रंकेतून काढलं. बापाचंच माप लेकाला. पांढरा सुती दोरा, क्रोशाची सुई जुनीच. टाळूचा गोल पहिल्या झटक्यात जमला. फार बरं वाटलं. त्या नादात वरणाचा लगदा.

७ ऑग.
मंदार येऊन नवं टोपडं घेऊन गेला. त्याच्या बदलीचं विचारलं तर, "अभी कुछ नहीं आया, आई. पुणं किंवा इथेच." जास्त खोदलं नाही.
संध्याकाळी फोटो. टोपडं नाकापर्यंत, खाली नुसती जांभई. हसून हसून पुरेवाट. मग उजेड पडला: मंदारनंतर ते जुनं टोपडं नणंदेच्या दोन्ही मुलांनी घातलं होतं. ताणून ताणून सैल झालेल्याचं माप घेतलं मी. शहाणीच.
दीप्तीने बाळाच्या डोक्याभोवती दोरा धरून, तेवढाच कापून मंदारबरोबर पाठवला.

८ ऑग.
विहीणबाईंचा फोन. "बहनजी, इलाइट चौराहे से रेडीमेड सेट ले आए हैं, टोपी भी है. आप काहे परेशान होती हैं." गोड बोलल्या, पण मला लागलं. दुपारभर तणतणत दुसरं विणलं.

९ ऑग.
दीप्तीने पाठवलेला दोरा लावून पाहिला. टोपडं लहान. आता दोऱ्याच्या मापाने खांबाचे टाके घातले होते, तरी आवळलेलं. हे म्हणाले, "रागात विणलंस, दुसरं काय." खरंय मेलं. राग आला की माझा हात घट्ट होतो. सगळं उसवलं. जेवण गेलं नाही.

१० ऑग.
दीप्तीचा फोन. "मम्मीजी, आपवाली ही पहनाएँगे. सेटवाली तो चुभती है उसको." चुभत-बिभत काही नसणार, माझी समजूत घातली पोरीने. पण जीव थंड झाला. चहा घेतला, रेडिओ लावला, विणायला बसले. हात आपोआप सैल.

१२ ऑग.
बारसं. बसलं. कपाळावर, कानांवर, अगदी बरोबर. बंद विहीणबाईंनी बांधले, मी बांधू दिले. पहिल्यांदा मांडीवर घेतला. टोपड्यातून डोकं कोमट लागत होतं. डोळे भरून आले, हे दुसरीकडे बघत राहिले.

१३ ऑग.
ते नाकापर्यंतचं टोपडं मंदारने परत आणलंय. दोरा कशाला वाया घालवा म्हणून उसवायला घेतलं, तेवढ्यात दीप्तीचाच फोन. "अरे नहीं मम्मीजी, रहने दीजिए. जाड़े तक उसी के नाप की हो जाएगी. आप ही के पास रखिए, वहीं आकर पहनाएँगे."
वहीं आकर. म्हणजे इथेच राहणार, की पुण्याहून येणार? बदलीचं तिला काही कळलंय का, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.
टोपडं ट्रंकेत नाही टाकलं. वरच्या खणात, हाताशी ठेवलंय.