चौसष्ट मतं आणि एक तोंड

१० मार्च, सोमवार

वर्गाची सीआर व्हायला हो म्हटलं तेव्हा माझी मती कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे! आज विभागप्रमुख आर्हिन मॅडमनी बोलावून कागदांचा गठ्ठा हातात ठेवला. "अराबा, साहित्य-सिद्धान्ताच्या तासाबद्दल सगळ्यांची मतं लिहून आण. नावं नकोत. विषय सक्तीचा ठेवायचा की नाही, ते मंडळ ठरवणार आहे." मग चष्म्यावरून बघत — "आणि डॉक्टर अमिसांचा करार वाढवायचा की नाही, तेही."

वर्गात चौसष्ट जण. मागच्या चाचणीत एकोणीस नापास. मी काठावर. आता मत काय येणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

१२ मार्च, बुधवार

कागद आले. हसून हसून पोट दुखलं.

बहुतेकांनी सुरुवात 'सेबे'ने केलीय. वडीलधाऱ्यांबद्दल काही टोचणारं बोलायचं तर आधी 'सेबे' म्हणून माफी मागून ठेवायची, मग खुशाल बोलायचं! तर —

"सेबे, हा विषय म्हणजे नुसत्या काट्यांचा मासा. खायला काही नाही, घशात मात्र अडकतो."

"सेबे, डॉक्टर आम्हाला शिकवतात की स्वतःशीच बोलतात?"

"सोमवारी त्यांचं एक वाक्य सत्तावन्न शब्दांचं होतं. मी मोजले. दुसरा उद्योग नव्हता."

"दुपारचे दोन, पोटात मक्याची जड केंकी, पंखा बंद, आणि समोर संरचनावाद. माणसाने झोपू नये तर काय करावं?"

"डॉक्टरांचे बूट छान असतात." (हा नक्की फीफी.)

आणि एकुआचा. माझी खोलीतली मैत्रीण, अक्षर ओळखलंच. "मी दुसऱ्यांदा बसतेय. यंदाही राहिला तर पदवी नाही. सेबे न म्हणता सांगते — सक्ती काढा."

हा वाचून मात्र हसू आलं नाही.

१७ मार्च, सोमवार

काय करून बसले मी!

मंडळाची बैठक. मॅडम म्हणाल्या, "एवढी अक्षरं कोण लावत बसणार? तूच वाच मोठ्याने." समोर खुद्द डॉक्टर अमिसा! कडक इस्त्रीचा सदरा, गुडघे जुळवून, हात मांडीवर. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मी पहिला कागद उचलला. काट्यांचा मासा. तो त्यांच्यासमोर वाचवेना.

माझे आजोबा आमच्या गावच्या राजाचे ओक्येआमे होते. राजा लोकांशी थेट बोलत नाही. तो बोलतो, आणि ओक्येआमे तेच नटवून-सजवून लोकांपर्यंत पोचवतो. रक्तातच आहे म्हणायचं. कारण पुढे माझ्या तोंडून जे निघालं ते असं —

"हा विषय मुलांना सावकाश, चवीने खावा लागतो."

"डॉक्टर अगदी मनापासून बोलतात."

"विद्यार्थी त्यांचा शब्दन् शब्द मोजून ऐकतात."

मंडळातले म्हातारे माना डोलावू लागले. मला चेव चढला. एकुआचा कागद आला. म्हटलं, "एक विद्यार्थिनी तर या विषयाला दुसऱ्यांदा बसली आहे!" सगळे कौतुकाने हसले.

बूट तेवढे होते तसेच वाचले.

१८ मार्च, मंगळवार

निर्णय लागला. विषय मुलांना एवढा आवडतो, तर पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भागही सक्तीचा! कराराचं नंतर बघू म्हणे.

वर्ग मला खायला उठलाय. फीफी म्हणाला, "ओक्येआमेबाई, आता तुमचा वाद्य-वाजंत्री लावून सत्कार करतो." एकुआने फक्त एवढंच विचारलं, "माझा कागद वाचलास?"

"वाचला."

"काय म्हणून वाचलास?"

सांगितलं. तिची गारी भिजत घातली होती, ती न खाताच बाहेर गेली. मला माझीच लाज वाटली. खूप.

१९ मार्च, बुधवार

मूळ कागद माझ्याकडेच होते. कुणी मागितलेच नव्हते. सकाळी उठले आणि गेले डॉक्टरांच्या खोलीत. म्हटलं, "सेबे, डॉक्टर, मी परवा खोटं वाचलं. खरं हे आहे."

त्यांनी चौसष्टच्या चौसष्ट वाचले. मी उभीच. एका ठिकाणी म्हणाले, "सत्तावन्न? मला वाटलं, चाळीसेक असतील."

मग गठ्ठा नीट लावून ठेवला आणि म्हणाले — "तुझ्या आजोबांबद्दल वर्गात बोलली होतीस तू. ते शब्द गोड करत असतील. पण निरोप बदलत नसत. तू निरोपच बदललास, पोरी."

ओरडले असते तर बरं झालं असतं. कागद त्यांनी ठेवून घेतले.

२ एप्रिल, बुधवार

आज तासाला डॉक्टर गाठोडं घेऊन आले! त्यांची आई कोटोकुराबा बाजारात कापड विकते, तिच्याकडची सहा-सहा वारांची कापडं. टेबलावर एक पसरलं. निळं, त्यावर उडणाऱ्या चिमण्या. "याचं बाजारातलं नाव?"

एस्थर म्हणाली, "'पैसा उडून जातो'. माझ्या आईने दुकान काढलं तेव्हा नेसली होती."

एकुआ मागून ओरडली, "छे! आमच्याकडे त्याला 'नवरा उडाला' म्हणतात. मावशी काडीमोडाच्या दिवशी मुद्दाम हेच नेसून कोर्टात गेली!"

वर्ग खो खो हसला. डॉक्टर म्हणाले, "छापणारा परदेशात बसलाय. त्याने फक्त चिमण्या काढल्या. मग अर्थ कुणाचा? त्याचा, बाजारातल्या बायकांचा, की मावशीचा?"

दोन तास भांडलो. पंखा बंद होता हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी एकुआ उभी राहिली — "हेच होतं होय? एवढंच? मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंत!" सेबे नाही, काही नाही. आणि डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१६ एप्रिल, बुधवार

पुन्हा कापडं. आज संरचनावाद मला समजला. खरंच!

एकुआ बोलू लागली. माझ्या वाटचा तळलेला मासा विचारल्याशिवाय खाल्ला, म्हणजे माफ केलं.

१९ मे, सोमवार

एकुआ पास!! नुसती नाही, बासष्ट गुण! खोलीत नाचलो. खालच्या मजल्यावरून ओरडा आला.

२३ मे, शुक्रवार

मंडळाने निर्णय फिरवला. दुसरा भाग ऐच्छिक. फलकावर यादी लागली आणि तरीही एकेचाळीस नावं! पहिलं एकुआचं. दुसरं माझं. शिक्षकाच्या रकान्यात मात्र कुणाचंच नाव नाही.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "मूळ कागद त्यांनी स्वतःच आणून दिले मला. वीस मार्चला. करार वाढणार नाही, असं पत्र त्यांना त्याच आठवड्यात दिलंय."

म्हणजे ती कापडं घेऊन ते आले तेव्हा त्यांना माहीत होतं.