मायच्या नावाची फरशी

२० एप्रिल २०२६

ती. इंदूबाईस,
धाकट्या भावाचा, उकंडाचा सप्रेम जयभीम.

बाई, गुडघ्याचं औषध वेळेवर घेतेस ना? इकडे सगळं ठीक आहे. तूर विकली, घराला रंग दिला. ऊन मात्र आत्ताच बाहेर पडू देत नाही. फोन केला की तू तो खुशीकडे देतेस, म्हणून लिहायला बसलो. हे पत्रही तुझी नातच वाचून दाखवील. खुशी, सगळं वाच बाळा, मधलं काही गाळू नकोस.

एक तारखेला बुद्धपौर्णिमा. विहाराला रंग झाला, खिरीचं दूध सांगून ठेवलं. विहारासमोरचा पिंपळ मात्र वाळला. ऊन लागलं, कीड लागली, असं मी गावात सांगितलं. पौर्णिमेआधी तोडायचं कमिटीनं ठरवलं आहे.

तुला आठवत असेलच. मी विहार कमिटीचा अध्यक्ष झालो आणि पिंपळाभोवती संगमरवरी ओटा बांधायचं मनात घेतलं. मायच्या नावानं. पानं पडतात, चिखल होतो, लोक पूजेला बसणार कुठे, असं माझं म्हणणं. फरशी थेट बुंध्याला भिडवली. तू घाटंजीहून आलीस आणि भर बैठकीत म्हणालीस, "उकंडा, झाडाले पाणी कुठून जाईन रे? मायच्या नावानं त्याचं तोंड काहून बंद करून राह्यला?"

मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. "तुले दिली घाटंजीले, तू तिकडचं पाह्य. इथं तुले कोणी इचारलं नाही." तू चपला घातल्या आणि निघालीस. तीन वर्षं झाली.

विहीर आटली त्या साली माय आणि तू नाल्यात झिरा खोदून पाणी आणायच्या. घरात प्यायला मोजकं, पण एक घागर या पिंपळाची, तेव्हाच्या त्या रोपाची. मी तहानेनं रडायचो तर माय म्हणायची, "थांब, त्याले बोलता येत नाही."

आता जे तुलाही माहीत नाही ते. पहिल्याच पावसाळ्यानंतर मुळांनी फरशी उचलली. कोरलेलं नाव वाकडं झालं. मला राग आला, झाडाचा. सुनील मिस्त्रीला बोलावून तीन मोठी मुळं कुऱ्हाडीनं तोडली आणि वर सिमेंट ओतलं. कोणाला सांगू नको म्हणून त्याला बजावलं. त्याच संध्याकाळी मी वंदना घेतली. जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील मीच मोठ्यानं म्हटलं आणि लोक माझ्यामागून म्हणाले. ज्या झाडाखाली ज्ञान झालं त्याच्याकडे बुद्ध आठवडाभर कृतज्ञतेनं बघत राहिले, हे दरवर्षी भाषणात मीच सांगतो. मी आमच्या झाडाकडे बघत होतो तो फरशीवर पान पडलं का, एवढ्यासाठी.

कालपासून पहार घेऊन फरशी काढतो आहे. अश्वजित कमिटीतर्फे समजवायला आला. "काका, आता काय फायदा? मेलं ते झाड."

"मले माहीत हाय," म्हटलं आणि काम चालू ठेवलं.

पौर्णिमेला वंदनेआधी सगळ्यांसमोर हे सांगणार आहे आणि अध्यक्षपद सोडणार आहे. पण आधी तुला कळायला हवं होतं. बाई, माझं चुकलं. झाडाच्या बाबतीत आणि तुझ्याही.

सगळा ओटा निघाला, एकच फरशी राहिली. 'मातोश्री धुरपताबाई यांच्या स्मरणार्थ.' दोनदा पहार लावली, दोनदा काढली. ती तू काढ. खाली ओल असेल, नसेल, मला ठाऊक नाही. सकाळची गाडी तुझ्या घरावरूनच आर्णीला येते. तिथल्या स्टँडवर मी रोज येऊन थांबेन.

मायची घागर तुझ्याकडेच आहे. ती आण म्हणायला मला तोंड नाही.

त्या झाडाचं पाणी तोडणारा
तुझा भाऊ,
उकंडा