तुम्ही मागे चालायचात म्हणे!

अहो,

हो, नुसतंच अहो. 'प्रिय' वगैरे लिहिणार होते, पण परवापासून तुमचा इतका राग आलाय की तो शब्द हातून उतरेना. तुम्हाला जाऊन चार महिने होत आले. रडून झालं, दिवस-वार झाले, भेटायला येणारेही आता थांबले. या सगळ्यात तुम्हाला पत्र लिहावं असं काही वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण परवा तुमची ती प्राची घरी येऊन गेली.

तुमची म्हणजे तुमच्या कंपनीतली. हडपसरच्या काचेच्या बिल्डिंगमधली, यवतमाळहून आलेली. दारात चपला काढता काढता म्हणाली, "काकू, दिलीपची लई आठवण येते हो." दिलीप! अहो, मी बावीस वर्षांत तुमचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी माझ्याच सोफ्यावर बसून तुम्हाला अरे-तुरे करते! कंपनीत सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात म्हणे. मारोत बापडे.

कशाला आली होती, तर राजगडाच्या फेऱ्यासाठी. गुंजवण्यातून चोर दरवाजाने वर, मग पाली दरवाजाने पलीकडे खाली, आणि डोंगराला वळसा घालून अंधार पडायच्या आत परत गुंजवण्यात. सगळं एका दिवसात. बेत तुमचाच. दिवाळीनंतर जायचं ठरवलं होतंत ना? आणि श्रावणातच ऑफिसच्या जिन्यात हार्ट अटॅक! एवढे डोंगर चढणारा माणूस, आणि जिन्यात? आता तुमच्यासाठी म्हणून ती मंडळी या रविवारी हा फेरा करणार आहेत, आणि मी यावं अशी त्यांची इच्छा आहे.

तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चोर दरवाजाखालचा कातळ खडा आहे, तिथे दोर ठेवू. प्रत्येकाने तीन लिटर पाणी घ्यायचं. स्वारगेटहून ट्रॅक्स ठरवलीय. कशी भराभर बोलत होती! आणि मधूनमधून आपलं, दिलीप म्हणायचा उतरताना गुडघे सांभाळा, दिलीप म्हणायचा भूक लागायच्या आधी खा. मी पोह्यांवर खोबरं घालत ऐकत होते. घरात तुम्ही काय म्हणायचात हो? "मीठ कमी आहे."

"माझ्याबद्दल काही बोलायचे का हे?" न राहवून विचारलं.

बिचारी खरंच आठवायला लागली. "बोलायचा ना काकू! तुमच्या डब्याबद्दल. त्या तिखटमिठाच्या पुऱ्या! आम्ही तुटूनच पडायचो."

पुऱ्यांबद्दल. बरं.

मग जे विचारायचं होतं ते विचारलंच. "तुम्ही दोघं बरोबरच चालायचात का?"

"आम्ही? ना बापा! मी पुढे पळणारी. दिलीप सगळ्यांच्या मागे. ज्याला दम लागला, ज्याचा पाय मुरगळला, त्याच्या संग. त्याची सॅकही हाच घ्यायचा. कधी चिडला नाही, कधी घाई केली नाही. म्हणायचा, डोंगर काय पळून चालला आहे?"

अहो, तुम्ही? मागे? दुसऱ्यासाठी थांबून?

लक्ष्मी रोडवर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी तुमच्या मागे धावायची, आणि तुमचा निळा शर्ट गर्दीत कधीच दिसेनासा झालेला असायचा. पार चौकात गाठलं की घड्याळ दाखवायचात. महाबळेश्वरला, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, पॉइंट बघून तुम्ही परत निघालात तेव्हा मी अजून वर चढत होते! सप्तपदीत तेवढे माझ्याबरोबर चाललात, तेही उपरण्याला गाठ मारलेली होती म्हणून. मी म्हणायची, असतो एकेकाचा स्वभाव. पायाला भिंगरी आहे, हळू चालताच येत नाही यांना. आणि आता कळतं की येत होतं. छान येत होतं!

खरं सांगू? माझ्या मनात भलतंसलतं येऊन गेलं होतं. प्राची निघाल्यावर स्वतःचीच लाज वाटली, पण जळफळाट काही थांबला नाही. एक सवत परवडली असती हो! निदान एकीच्याच नावाने बोटं मोडली असती. हे तर सगळे ढेरपोटे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, जिना चढला की धापा टाकणारे. त्यांतल्या कुणाकुणाला तुमचा वेळ मिळाला? कुणाकुणाशी गप्पा मारत चाललात? मला एकेकाचा हेवा वाटतो. ज्याचा पाय मुरगळला त्याचासुद्धा!

एकदा मी म्हटलं होतं, मलाही न्या की. पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणालात, "तुला झेपणार नाही. दम लागेल." आणि मी आपली पुऱ्या लाटायला गेले. पण दम लागणाऱ्यांसाठीच तर तुम्ही मागे थांबायचात ना? मग माझ्या दमात असं काय वाईट होतं? याचं उत्तर तुमच्याकडून हवं होतं मला. आता कुणाला विचारू?

असो. मी प्राचीला हो म्हणून बसलेय. कॅनव्हासचे बूट आणले. काल पहाटे तिच्याबरोबर पर्वती चढून आले. वर पोचल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "काकू, काय चालता हो तुम्ही! मलाच धाप लागली." लागणारच. इतकी वर्षं तुमच्या मागे धावलेय, थट्टा आहे काय? मला झेपेल म्हटलं, आणि ते तुमच्याच कृपेने झेपेल.

मग तिथेच पायरीवर बसून आमचं भांडण झालं. ती म्हणे, "तुम्ही मधात चाला, शेवटी मी राहते. दिलीपनंतर आता शेवटी मीच असते." म्हणजे तुमची जागाही हिलाच मिळाली! मी म्हटलं, शेवटी मी चालणार आणि माझ्या मागे कुणी नको. ती ऐकेना. कातळावर, उतारावर शेवटी अनुभवी माणूसच हवा, दिलीपनेच शिकवलंय, म्हणाली. पोरगी हट्टी आहे, पण तिचं बरोबर होतं. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की खाली उतरलो की पायथ्याची सपाट वाट लागते, तेवढ्यात मी एकटी मागे राहीन. "काहून पण काकू?" म्हणाली. मी सांगितलं नाही. सगळंच काय तिला सांगायचं?

तुम्हाला मात्र शब्द देते. रविवारी त्या वाटेवर मी घाई करणार नाही. मुद्दाम सगळ्यांत हळू चालेन, अगदी रमतगमत. दम लागला नाही तरी लागल्यासारखी थांबेन. सगळे पुढे जाऊ देत. मागे वळून बघणार नाही, कारण कुणी दिसणार नाही हे मला कळतं. पण गुंजवणं येईपर्यंत माझ्या मागे तुम्ही आहात असं धरून चालेन, आणि त्या वेळात तुम्ही दुसऱ्या कुणाचे नसाल.

तुमची,
सुनंदा