मागून घ्या, उष्टं टाकू नका

३ फेब्रुवारी
जिंतूरला बचत गटाचं ट्रेनिंग झालं. ही डायरी तिथंच भेटली. मॅडमनं पडद्यावर शहरातला फेकलेल्या अन्नाचा डोंगर दाखवला. ते सडतं, त्याचा गॅस होतो, त्यानं ऊन वाढायलंय म्हणे. पिकवायला गेलेलं पाणी, खत, डिझेल समदं मातीत. बायका पेंगायल्या होत्या. जागी एकटी मी. मला लवकर कळतं, हाच माझा तरास हाय.
ठरलं. लेकीच्या, शिवकन्याच्या साखरपुड्यात एक घास फेकू द्यायची न्हाई.
चहासंगं वेफर्सचा पुडा खाल्ला. रिकामा पुडा चुलीत घातला. म्हणजे कचरा झालाच न्हाई.

५ फेब्रुवारी
मालकांना पनीर, जिलेबी आन नूडल्सचं काउंटर पाहिजे. म्हणलं, भाकरी, वांगं, वरण, लापशी. ज्वारीला पाणी कमी लागतं. ते म्हणले, सोयऱ्याला भाकरी वाढतेस का? म्हणलं, पुण्याचे लोक पैसे मोजून खायलेत. ते बैलाला वैरण टाकायला गेले. पटलं असणार.
शिवकन्याला पाथरीचं स्थळ. योगीराज तिला पसंत, ती त्याला. आधीची दोन स्थळं तिनंच मोडली होती. आता रोज आरशापुढं.

९ फेब्रुवारी
शेजारच्या बारशात नीट पाहिलं. फेकणारा गुन्हेगार न्हाईच, वाढणारा हाय. माणूस नको नको म्हणतंय आन हे त्याच्या हातावर भात टाकायलेत.
आमच्याकडं आग्रह बंद. बोर्ड रंगवून घेतला : मागून घ्या, उष्टं टाकू नका.
जाऊ बायनाबाई म्हणली, अगं येडे, सोयरे मागत नसतेत. म्हणलं, देवानं तोंड कशाला दिलंय? ती कपाळावर हात मारून गेली.

१६ फेब्रुवारी, दुपार
साखरपुडा झाला. लय भारी!
वाढप्यांना दम दिला होता. एकदा वाढायचं, मग हाक आल्याबिगर हालायचं न्हाई. मी स्वतः उष्ट्याच्या टबापाशी उभी. व्याही सूर्यभानरावांनी एक भाकरी खाल्ली. मग ताटाकडं बघायले. मग माझ्याकडं. मी बोर्डाकडं बोट केलं. त्यांनी घटाघटा पाणी पिलं. समदी पंगत तशीच. कुणी हाक मारली न्हाई. पोट भरलं असणार. झटक्यात उठले. ताटं घासल्यावानी चकचकीत!
रिकाम्या टबाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपला टाकला. मॅडमचा अंगठा आला.

संध्याकाळ
दोन टोपले भाकरी उरल्या. पातेलंभर लापशी, वांगं येगळंच. पण हे उरलेलं हाय, उष्टं न्हाई. फरक हाय. म्हशीला घातलं.

१७ फेब्रुवारी
म्हैस फुगली. डॉक्टर बोलवावा लागला. तिनं दिवसभर जो गॅस सोडला तो हिशोबात धरायचा का, मॅडमला इचारायचंय.

१८ फेब्रुवारी
वाईट खबर. सोयऱ्यांची जीप त्या दिवशी देवगाव फाट्यावर थांबली होती म्हणे. समदे उतरून वडापाव, भजे खात होते. थर्माकोलच्या प्लेटी, पाण्याचे पाऊच. तो कचरा माझ्या खात्यावर न्हाई. तालुकाच दुसरा.
पण इहीणबाई लक्ष्मीबाईंनी निरोप धाडलाय. ज्या घरात आग्रह न्हाई तिथं माया न्हाई. घास मोजणाऱ्याची लेक आमी करावी का, इचार करून सांगतो.
मालक म्हणले, आता मागून घे लेकीला नवरा.

२० फेब्रुवारी
शिवकन्या जेवंना. ताट पुढं ठेवलं की भिंतीकडं तोंड करते. तिला आग्रह केला. दोनदा. तीनदा केला. ती म्हणली, बोर्ड वाच.

२२ फेब्रुवारी, सकाळ
पाथरीला निघाले. जाते, पाच मिनिटांत त्यांना पर्यावरण समजावते, येते. मला बोलता येतं.

संध्याकाळ, एसटीत
घरात पाय ठेवला तर ताटच पुढं आलं. पुरी, पनीर, जिलेबी. म्हणलं, खाऊन मग बोलू. आपलं तत्त्व दिसावं म्हणून ताट पुसून साफ केलं. लक्ष्मीबाई म्हणल्या, अगं बाई, भुकेलेल्या दिसतात! परत वाढलं. परत साफ केलं. सूर्यभानराव आतल्या अंगाला ओरडले, अहो, इहीणबाईंचं ताट रिकामं हाय, ध्यान कुठंय? परत आलं. तवा कळलं की साफ ताट म्हणजे यांच्यात अजून आणा.
चौथ्या बारीला हात चालंना. तीन जिलब्या आन अर्धी पुरी तशीच सोडून उठले. लक्ष्मीबाईंनी ते उष्टं ताट उचललं, नवऱ्याला दाखवलं आन पहिल्यांदा हसल्या. आता कसं, म्हणल्या, बाई पोटभर जेवली! जिलब्या टबात पडल्या. माझ्या डोळ्यादेखत. मग मला कुंकू लावलं आन लग्नाची तारीख काढायला भटजीला फोन केला.
माझा एक शब्द बोलून झाला न्हाई.
शिवकन्याचा फोन आला. रडायली का हसायली, कळंना. म्हणली, आई, त्यांना असं काय समजावून सांगितलंस गं?
म्हणलं, थोडक्यात सांगितलं.