डाळजच्या उतारावरची जीप

भिगवण स्टेशन
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय बुद्धघोष,

जयभीम. तुझं पत्र ऑक्टोबरच्या चार तारखेला मिळालं आणि उत्तर आज लिहायला घेतलंय. तिकडं तू रोज दारातलं टपाल चाळत असशील, ते मला कळतं. रागावू नकोस. तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा कागद चुलीत घातला. स्टेशनसमोरच्या बूथवरून फोन करावा असंही मनात आलं, पण तिथं पाठीमागं चार माणसं उभी असतात आणि हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही. तुझी कोर्टाची तारीख बारा डिसेंबर. पत्राला बारा दिवस लागतात, पोस्टमास्तर म्हणाले पंधरा धरा. म्हणजे वेळेत पोचेल. पोचेल ना? रजिस्टर करूनच टाकणार आहे.

तुझं पत्र इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलंय. मला समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. ऑफिसनं तुला ट्रेनिंगला पाठवलं. रविवारची सुट्टी म्हणून तू भाड्यानं गाडी घेतलीस आणि लंडनात बाबासाहेब शिकत असताना राहिले ते घर बघायला निघालास. वाटेत एका लहान गावात, पावसात, गल्लीतून सायकलवाला आडवा आला. गाडीचा डावा आरसा त्याला लागला आणि तो पडला. मागं बघितलंस तर तो उठत नव्हता आणि दुकानातून माणसं धावत येत होती. तू थांबला नाहीस. अकरा मैल पुढं जाऊन पोलीस चौकी शोधलीस, ती रविवारची बंद, म्हणून तिच्या दारात दोन तास भिजत उभा राहिलास. तोवर कुणीतरी गाडीचा नंबर दिला होता, आणि पोलिसांनी विचारल्यावर गाडीच्या कंपनीनं तुझं नाव-पत्ता काढून दिला. आता तुझा पासपोर्ट पोलिसांकडं आहे.

कंपनी म्हणते, अपघात झाला की जागेवर थांबून आम्हाला फोन करायचा, असं कागदात लिहिलं होतं. तू त्यावर सही केलीस, थांबला नाहीस, म्हणून विमा लागू नाही. मागच्या दाराखालचा पोचा आधीचा होता, तोही तुझ्या नावावर लावला. अरे, गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फिरून बघायची नाही का? आपण शेळी घेताना दात बघतो, खूर बघतो. सहीच्या आधी वाचायचं नाही का? एवढा शिकलेला तू. असो. पैसे फिटतील. माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. कंपनीच्या बाईनं तुला विचारलं, माणूस पडला तरी थांबला का नाहीस? तू म्हणालास, माझ्या वडिलांनी तसं शिकवलंय. ती म्हणाली, वडिलांनी पळायला शिकवलं? आणि तसंच तिनं रिपोर्टात लिहिलं. तेच कोर्टात वाचणार आहेत. तुझा वकील म्हणतो, वडिलांनी असं का शिकवलं ते त्यांनी स्वतः शपथेवर लिहून पाठवलं तर तुरुंग टळेल.

होय, मीच शिकवलं. कसं शिकवलं ते तू त्या बाईला सांगितलं नसशील. तू अकरा वर्षांचा होतास, सायकल नवी शिकला होतास. भिगवणच्या बाजारात लीलाबाई म्हातारीला धडकलास. ती पडली आणि तू सायकल टाकून तिला उठवायला वाकलास. मी मासळीच्या ओळीतून ते बघितलं. तुला मानगुटीला धरून फरफटत घरी आणलं, दार लावलं आणि कमरेच्या पट्ट्यानं मारलं. थांबलास का, थांबलास का, असं म्हणत मारलं. तुझी आई मध्ये पडली तर बक्कल तिच्या दंडात घुसलं. ती वारली तेव्हाही तो व्रण तिच्या दंडावर होता. कुणाला लागलं की पळायचं, थेट चौकीत जायचं, मागं बघायचं नाही, हे मी तुझ्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं, दर वेळेला एक फटका. दोन दिवस तू पालथा झोपलास. नंतर तुला जवळ घेऊन सांगितलं की डाळजच्या उतारावर एका जीपवाल्याला लोकांनी ठार मारलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून भितो.

तेवढंच मी बारामतीला जाऊन लिहून घेतलं. कोर्टासमोरच्या वकिलानं इंग्रजीत टाइप केलं, नोटरीचा शिक्का मारून घेतला. मी बघितलं, लोकांनी मारलं, म्हणून मुलाला शिकवलं. वकील खूश होता. म्हणाला, "आबा, झ्याक झालंय. तिकडला जज वाचून डोळं पुसंल." मराठी मसुदाही त्यानं दिला. एसटीनं घरी आलो आणि तो नकोशीला वाचायला दिला. तुझ्या बहिणीनं उभ्यानं वाचला, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "तुमी बघितलं व्हय, आबा? मी त्याच्या हातात हुते." पंचवीस वर्षांत ती त्या दिवसावर एक शब्द बोलली नव्हती. मी धरून चाललो होतो की सात वर्षांच्या पोरीला काय आठवणार.

म्हणून आता खरं लिहितो. एकाहत्तर साली मी रस्त्याच्या कामावर होतो. डाळजच्या उतारावर आमची टोळी खड्डे भरत होती. नकोशी माझी भाकरी घेऊन आली आणि रस्ता ओलांडताना इंदापूरच्या जीपनं तिला उडवलं. मी डांबराच्या पिंपापाशी होतो. आवाज ऐकून वळलो. जीपवाला पळाला नाही. उतरला, तिला उचललं आणि परत जीपकडं धावत निघाला. "बाजूला व्हा, बारामतीला नेतो, दवाखान्यात नेतो," असं ओरडत होता. मला ऐकू आलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं. पण माझी पोर परक्या माणसाच्या हातात, तिचा पाय गुडघ्यातून उलटा लोंबत होता आणि त्याच्या सदऱ्यावर तिचं रक्त. माझ्या हातात फावडं होतं. ते मी त्याच्या मानेवर घातलं. तो गुडघ्यांवर आला, पण पोरीला टाकली नाही. तिचं डोकं आपटू नये म्हणून खाली हात घालून तिला हळूच रस्त्यावर ठेवली. तो ठेवत होता तेव्हा मी दुसरा घाव घातला.

मग बाकीचे आले. टिकाव, घमेली, खडी, हाताला येईल ते. हाडं मोडल्याचा आवाज टिकावाच्या आवाजापेक्षा वेगळा असतो, तो मला तेव्हा कळला. त्याच्या तोंडातून "पोरगी, पोरगी" एवढंच येत होतं. दात पडले तरी तेच. मग तेही बंद झालं, आणि त्यानंतरही आम्ही मारत होतो. ज्या पोरीसाठी मारत होतो ती चार हातांवर फुफाट्यात पडली होती आणि तिच्याकडं एकाचंही लक्ष नव्हतं. मुलगा हवा होता म्हणून हिचं नाव नकोशी ठेवणारा बाप मी, आणि तिच्या नावानं माणूस फोडत होतो.

जीपचं इंजिन चालूच होतं. दार उघडं. आम्हा दहा जणांत एकालाही गाडी चालवता येत नव्हती. ज्याला येत होती तो आमच्या पायांपाशी पडला होता. बारामतीकडं जाणारा ट्रक मिळायला दीड तास गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ काय करत होता? तासभर आधी आणली असती तर पाय सरळ राहिला असता. म्हणजे नकोशी आज लंगडते ती जीपमुळं नाही, बुद्धघोष. हवालदारानं अज्ञात जमाव असं लिहिलं आणि कागद मिटला. दुसऱ्या दिवशी जीपचा मालक आला. मेलेल्या ड्रायव्हरचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही, फुटलेल्या काचेचं कोण देणार तेवढंच विचारत राहिला. तुझ्या गाडीच्या कंपनीचं वाचताना तोच माणूस डोळ्यांपुढं आला.

नकोशी म्हणाली, "आदी त्याच्या घरी जावा, मग इंग्रजांना कळवा." त्याचं नाव म्हस्कू होतं, हेही मला तिच्याकडून कळलं. तिनं ते कधीच विचारून ठेवलं होतं. त्याची बायको बानूबाई इंदापूरला एसटी स्टँडामागं भाजी विकते. मी जाऊन तिच्यापुढं उकिडवा बसलो. तिला वाटलं गिऱ्हाईक. "वांगी घ्या, आबा, सकाळीच तोडल्याती." मी सांगायला सुरुवात केली. फावड्यापासून त्याचा आवाज बंद होईपर्यंत सगळं सांगितलं. ती वांगं हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं तराजूतलं किलोचं माप उचललं आणि माझ्या कपाळावर हाणलं. परत उचललं आणि परत हाणलं. मी हात वर केला नाही. डोळ्यांत रक्त उतरलं, काही दिसेना. तेवढ्यात लोक जमले. "काय केलं गं ह्यानं, मावशे? चोरलं का?" एकानं माझी गचांडी धरली, दुसऱ्यानं पायातली चप्पल काढली. तो आवाज मला ओळखीचा आहे, माणसं माणूस राहत नाहीत तेव्हाचा. बानूबाईनं एक शब्द टाकला असता तर मी तिथंच संपलो असतो. मला तेच बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "काय केलं न्हाय त्यानं. व्हा बाजूला."

लोक पांगल्यावर तिनं विचारलं, "पोरगी कुठं मेली? रस्त्यावरच का दवाखान्यात?" मी म्हणालो, मेली नाही, जगली. तशी ती मागं भिंतीला टेकली. पंचवीस वर्षं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. लेकरू मारणाऱ्याची बायको म्हणून तिला पाण्याच्या नळावरून हाकललं होतं, आणि पोर मेली म्हणून ती ते ऐकून घेत होती. म्हणाली, "दाखवा मला. तुमचा शबूद नको." दुसऱ्या दिवशी कपाळाला पाच टाके घेऊन मी नकोशीला नेलं. बानूबाईनं तिच्या वाकड्या पायावरून हात फिरवला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. माझ्याशी बोलली नाही. बोलणारही नाही.

आता तुझं काम. पाकिटात एकच कागद आहे. पहिला मी फाडला. दुसऱ्या कागदाच्या वेळी वकील म्हणाला, "आबा, ह्यात तुमीच अडकता." अडकू दे. लोक मारतात हे मला कसं ठाऊक, तर त्या लोकांत पहिला मी होतो, असं त्यात लिहिलंय. तो कोर्टात दे. पण तुला सोडवायला म्हणून हे पत्र लिहिलं नाही. तुझ्या सात पानांत कंपनी आहे, विमा आहे, आरसा आहे. त्या सायकलवाल्याला दवाखान्यात नेलं, एवढंच एक वाक्य आहे. त्याचं नाव नाही. तो उठला का, ते नाही. मीही म्हस्कूचं नाव पंचवीस वर्षं विचारलं नव्हतं. पट्ट्यानं तुझ्या पाठीवर शिकवलेलं मी आज परत घेतो. त्या सायकलवाल्याच्या दारात जा. कुणी अंगावर आलं तर पळू नकोस, थांब. त्याचं नाव विचार आणि आपलं सांग. बूथवाल्याला मी सांगून ठेवलंय, तो निरोप लिहून घेईल. कोर्टाचं मागाहून कळवलंस तरी चालेल, पण तो माणूस आपल्या पायांनी चालतो का, एवढं लवकर कळव. मी आणि नकोशी वाट बघतोय.

तुझाच,
आबा
(धोंडीबा)